खटला चालू आहे म्हणून भाडं थांबत नाही

भाड्याची खोली हातातून गेली की आपल्या मोहल्ल्यात त्याची चार कारणं सांगितली जातात: बिल्डर, मालक, वकील आणि नशीब. पाचवं कारण कुणी सांगत नाही, कारण ते सांगायला लाज वाटावी इतकं लहान आहे. खटला चालू असताना कोर्टात भाडं भरलं नाही. दोनशे-तीनशे रुपये महिना. तेवढ्यासाठी ज्या घरात तीन पिढ्या जन्मल्या ते घर जाऊ शकतं, आणि मालकाने बाकी काहीही सिद्ध केलेलं नसताना जाऊ शकतं.

मी वकील नाही, सॉफ्टवेअर लिहितो. पण या कायद्याची रचना कोणत्याही प्रोग्रॅमरला ओळखीची वाटेल. एक अट पूर्ण केली तर संरक्षण, नाही केली तर सरळ बाहेर. मध्ये ‘पण साहेब, ऐका ना’ असं म्हणायला जागा फार कमी ठेवली आहे. म्हणून ती अट नेमकी काय आहे, हे घरातल्या शिकलेल्या मुलामुलींनी तरी एकदा नीट वाचायला हवं. घरी आलेलं इंग्रजी किंवा सरकारी मराठीतलं पाकीट बहुतेक वेळा आपल्याच हातात दिलं जातं, ‘बघ रे, काय लिहिलंय’ म्हणत.

महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम १९९९ चा, अंमलात आला ३१ मार्च २००० पासून. त्याचं कलम १५ म्हणजे भाडेकरूची ढाल. जोपर्यंत भाडेकरू प्रमाण भाडं आणि कायद्याने मान्य केलेली वाढ देतो किंवा द्यायला तयार आहे, आणि भाडेकराराच्या बाकी अटी पाळतो, तोपर्यंत मालकाला ताबा मागता येत नाही. थकबाकी झाली तरी लगेच दावा लावता येत नाही. आधी लेखी नोटीस द्यावी लागते आणि ती मिळाल्यापासून ९० दिवस थांबावं लागतं. या ९० दिवसांत थकलेलं भाडं दिलं, तर त्या थकबाकीवर दावाच उभा राहत नाही.

समजा ती संधी हुकली. दावा लागला, समन्स आलं. कायदा तरीही दुसरी संधी देतो. समन्स हाती पडल्यापासून पुन्हा ९० दिवस. या मुदतीत तोवरची सगळी थकबाकी, त्यावर वर्षाला १५ टक्के सरळ व्याज कोर्टात भरायचं. त्यानंतर दावा अंतिमपणे निकाली निघेपर्यंत दरमहा भाडं नियमित भरत राहायचं. आणि न्यायालय सांगेल तो दाव्याचा खर्चही द्यायचा. एवढं सगळं केलं, तर थकबाकीच्या कारणावरून हुकूमनामा होत नाही. यातलं एक जरी राहिलं, तर ही ढाल गेली.

आकडे मांडून पाहू. खोलीचं भाडं ३५० रुपये आणि थकले ३६ महिने. मुद्दल १२,६०० रुपये. प्रत्येक महिन्याचं भाडं वेगळ्या तारखेला थकलेलं असल्याने व्याज साधारण २,८०० ते २,९०० रुपयांच्या घरात जातं. म्हणजे एकूण साडेपंधरा हजारांच्या आसपास, वर दाव्याचा खर्च. आपल्यापैकी अनेकांच्या फोनचा हप्ता यापेक्षा मोठा असेल. आणि पणाला काय लागलेलं असतं? दक्षिण मुंबईतल्या जुन्या उपकरप्राप्त इमारतींचा पुनर्विकास होतो तेव्हा विकास नियंत्रण नियमावलीच्या ३३(७) खाली राहत्या भाडेकरूला किमान ३०० चौरस फूट चटई क्षेत्राचं घर मिळतं. भाडेकरू म्हणून हक्कच संपला, तर त्या यादीत नाव कसलं?

हे ९० दिवस समन्स मिळाल्याच्या दिवसापासून मोजायचे. वकील केला त्या दिवसापासून नाही, पहिल्या तारखेपासून नाही, कैफियत दाखल केली तेव्हापासूनही नाही. कोर्टाची तारीख पुढे गेली म्हणून ही मुदत पुढे जात नाही. राजस्थान आणि पश्चिम बंगालच्या भाडे कायद्यांखालच्या अशाच मुदतींबद्दल सर्वोच्च न्यायालयाने अनुक्रमे २००३ आणि २०१९ मध्ये स्पष्ट सांगितलं आहे की कायद्याने दिलेली मुदत न्यायालय स्वतःहून वाढवू शकत नाही. आपलं कलम वेगळ्या शब्दांत आहे, पण त्या निकालांकडे पाहून ९१ व्या दिवशी दया मागायला जाणं म्हणजे घराचा जुगार खेळणं.

दुसरा सापळा ‘नियमित’ या एका शब्दात आहे. १९४७ च्या मुंबई भाडे कायद्यातही तो होता. त्यावर सर्वोच्च न्यायालयाने १९८० साली मृणालिनी शाह यांच्या खटल्यात जो अर्थ लावला तो आजही डोळ्यांसमोर ठेवावा. घड्याळाच्या काट्यासारखी अचूकता नको, पण भाडं महिन्याचं असेल तर ते महिन्याच्या महिन्याला, देय होईल तसं भरलं पाहिजे. हवं तर आगाऊ भरा. दोन-तीन-चार महिन्यांनी जमेल तसे पैसे टाकत राहिलं तर त्याला नियमित म्हणण्याचा अधिकार न्यायालयालाही नाही. आपल्याकडे नेमकं हेच होतं. रमजानच्या आधी एकदा, शाळा सुरू होताना एकदा, वकील ओरडला की एकदा. सगळी रक्कम भरलेली असते, एक रुपयाही बाकी नसतो, आणि तरी दावा हरतो. ‘आम्ही पै न् पै दिली’ हे खरं असतं. पण कायद्याने पैशाबरोबर तारीखही मागितलेली असते.

आता आपल्या सवयींबद्दल, कारण कायदा दोन परिच्छेदांत संपतो आणि सवयी संपत नाहीत.

पहिली सवय पोस्टमनची. रजिस्टर्ड पाकीट मालकाच्या वकिलाकडून आलंय असं दिसलं की घरातून आवाज येतो, ‘घरात कुणी नाही म्हणून सांग.’ पाकीट ‘घेण्यास नकार’ असा शेरा घेऊन परत जातं आणि घरात हायसं वाटतं. न्यायालयाच्या लेखी बरोबर पत्त्यावर येऊन नाकारलेलं पाकीट हे मिळालेलं पाकीट मानलं जातं. म्हणजे ९० दिवस चालू झाले, फक्त आपल्याला आकडा माहीत नाही.

दुसरी, ‘मालक भाडं घेतच नाही, आम्ही काय करणार?’ हे अनेकदा खरंही असतं. इमारत विकली गेली, नव्या मालकाला रिकामी खोली हवी आहे, तो मुद्दाम भाडं नाकारतो. पण कायदा विचारतो की तुम्ही द्यायला तयार होता याचा पुरावा काय. कपाटातल्या डब्यात बाजूला ठेवलेले पैसे हा पुरावा नाही. मालकाच्या खात्यावर पाठवलेली रक्कम, परत आलेली मनिऑर्डर, पोचपावती असलेलं पत्र हा पुरावा आहे. मिळालेल्या रकमेची पावती देणं मालकावर कायद्याने बंधनकारक आहे, आणि ती मागायला संकोच वाटायचं कारण नाही. कुरआनातली सगळ्यात लांब आयत देण्याघेण्याची लेखी नोंद ठेवण्याबद्दल आहे, हे जुम्म्याच्या बयानात आपण किती वेळा ऐकलंय. पण भाड्याची पावती मागताना मात्र ‘इतक्या वर्षांची ओळख आहे, बरं दिसत नाही’ हे आडवं येतं.

तिसरी सवय सगळ्यात महागात पडते: खोली आजोबांच्या नावावर, राहणारे चार चुलतभाऊ. पावतीवरचं नाव १९८० च्या दशकातच गेलेल्या माणसाचं. मोठा म्हणतो धाकट्याने भरावं, धाकटा म्हणतो पोटमाळा त्याच्याकडे आहे, त्याने भरावं, आणि सौदीतला म्हणतो मी तर तिथे राहतच नाही. भाडेकरूच्या वारसांना सर्वोच्च न्यायालय संयुक्त भाडेकरू मानतं. एकाला दिलेली नोटीस सगळ्यांना दिल्यासारखीच, असं १९८९ च्या एच. सी. पांडे यांच्या निकालात आहे. म्हणजे एका भावाने नोटीस उशीखाली ठेवली तर चौघांचंही घर धोक्यात. आणि एक गोष्ट मुलींनी मुद्दाम लक्षात ठेवावी. आपल्या कायद्यात भाडेकरूच्या मृत्यूनंतर राहत्या घराचं भाडेकरूपण त्याच्यासोबत राहणाऱ्या कुटुंबीयाकडे जातं. त्यात मुलगा की मुलगी असा फरक केलेला नाही. अब्बांसोबत शेवटपर्यंत राहिलेली, त्यांची सेवा केलेली मुलगी स्वतः भाडं भरू शकते आणि तिने ते स्वतःच्या खात्यातून भरावं. भाऊ भरतील म्हणून थांबलेल्या बहिणीला नंतर कोर्टात दाखवायला काही उरत नाही.

पागडीचा गैरसमज तर जुनाच. ‘आपण पागडी दिली आहे, आपण अर्धे मालक.’ १९९९ च्या कायद्याने पागडी घेणं-देणं वैध केलं, हे बरोबर. पण पागडी दिलेला भाडेकरू शेवटी भाडेकरूच आहे, आणि कलम १५ त्याला जसंच्या तसं लागू होतं. लाखो रुपये मोजून घेतलेला हक्क शेकड्यातल्या भाड्यापायी जातो, तो या समजुतीमुळे.

एक नाजूक मुद्दा व्याजाचा. थकबाकीवर १५ टक्के व्याज भरायचं म्हटलं की काही दीनदार लोक अडखळतात. मुद्दल देऊ, सूद देणार नाही. त्यांच्या भावनेची मी टिंगल करणार नाही. पण व्याज वगळून भरलेली रक्कम कायद्याच्या नजरेत अपुरी रक्कम आहे आणि तिने संरक्षण मिळत नाही. ज्याला व्याज टाळायचंय त्याच्यासाठी एक स्वच्छ रस्ता आहे, भाडं तारखेला देण्याचा. अमानतीत आलेली वस्तू वापरून तिचा मोबदला तीन वर्षं न देणं हेही दीनमध्ये कुठे बसतं, हा प्रश्न त्याच मजलिसमध्ये विचारायला हवा.

‘आमच्यावर थकबाकीचा दावाच नाही, मालक स्वतःच्या गरजेसाठी खोली मागतोय’ असं म्हणून निर्धास्त राहणारेही आहेत. त्यांनी दिवाणी प्रक्रिया संहितेचा आदेश १५-अ पाहावा. मुंबई उच्च न्यायालयाने आपल्या क्षेत्रासाठी केलेली ही दुरुस्ती भाडेकरूला बाहेर काढण्याच्या कोणत्याही दाव्याला लागू होते. न्यायालय थकबाकी आणि पुढचं दरमहा भाडं जमा करण्याचा आदेश देऊ शकतं, आणि तो मोडला तर कारणे दाखवा नोटीस देऊन भाडेकरूचा बचाव काढून टाकू शकतं. बचाव काढून टाकला म्हणजे तोंड पूर्ण बंद होत नाही. मालकाच्या साक्षीदारांची उलटतपासणी घेता येते, त्याची बाजू कच्ची असल्याचा युक्तिवाद करता येतो. सर्वोच्च न्यायालयाने १९८८ मध्येच हे सांगितलंय. पण स्वतःचा पुरावा देता येत नाही. आणि मालकाच्या गरजेच्या दाव्यात भाडेकरूचं सगळ्यात मोठं हत्यार कोणतं? घर गेलं तर मालकापेक्षा जास्त हाल आपले होतील, हे दाखवणं. घरात आजारी अम्मी आहे, मुलांची शाळा इथेच आहे, दुसरीकडे जागा परवडत नाही. हे सांगायला साक्षीच्या पिंजऱ्यात उभं राहावं लागतं. बचाव गेला की अम्मीच्या आजाराची फाईल पिशवीतच राहते.

मालक कोण हेच मान्य नाही, असं म्हणून भाडं थांबवणाऱ्यांसाठी २०२२ चा आशा रानी गुप्ता यांचा निकाल आहे. उत्तर प्रदेशातल्या अशाच तरतुदीखाली तिथे भाडेकरूने मालक-भाडेकरू नातंच नाकारलं होतं आणि रक्कम जमा केली नव्हती. सर्वोच्च न्यायालयाने बचाव काढून टाकणं योग्य ठरवलं. मालकीचा वाद असेल तर तो जरूर मांडावा, रक्कम ‘हक्क राखून’ कोर्टात भरावी. भाड्याच्या आकड्यावर वाद असेल तर प्रमाण भाडं ठरवून मागावं. मात्र वाद आहे म्हणून शून्य रुपये भरणं, हा पर्याय कायद्यात कुठेच नाही.

आणि हरल्यावर? अपिलात स्थगिती मागायला गेलं की जुनं भाडं संपतं. हुकूमनामा झाल्यानंतरही जागा वापरायची तर बाजारभावाच्या जवळ जाणारी रक्कम भरा, असं न्यायालय सांगू शकतं. २००९ साली असाच फटका बसलेला मुंबईतला भाडेकरू होता खुद्द महाराष्ट्र सरकार. पाच हजारांच्या आसपास महिना भाड्याच्या जागेसाठी उच्च न्यायालयाने दरमहा ५ लाख ४० हजार रुपये जमा करायला सांगितले आणि सर्वोच्च न्यायालयाने ते कायम ठेवलं. सरकारकडे तिजोरी असते. मदनपुऱ्यातल्या जरीकाम करणाऱ्याकडे नसते.

लॉकडाऊनमध्ये अनेकांचा समज झाला की त्या महिन्यांचं भाडं माफ आहे. एप्रिल २०२० मध्ये राज्याच्या गृहनिर्माण विभागाने मालकांना सांगितलं होतं की किमान तीन महिने भाडेवसुली पुढे ढकला, कुणाला काढू नका. पुढे ढकला, माफ करा नव्हे. दिल्ली उच्च न्यायालयाने त्याच मे महिन्यात खान मार्केटमधल्या एका दुकानाच्या खटल्यात दुकान बंद होतं म्हणून भाडं माफ करायला नकार दिला, फक्त भरायला थोडी सवड दिली. तेव्हाची थकबाकी अजून वहीत असेल तर ती आजही थकबाकीच आहे.

इतकं वाचून कुणाला वाटेल की हा माणूस मालकांची वकिली करतोय. काही अंशी करतोयच. ज्या खोलीचा बाजारातला दर तीस-चाळीस हजार महिना, तिथे कायदा आपल्याला काहीशे रुपयांत राहू देतो. भाडं वर्षाला ४ टक्क्यांपेक्षा जास्त वाढू देत नाही. त्या बदल्यात तो एवढंच म्हणतो की तेवढं तरी वेळेवर द्या. यात अन्याय दिसत नाही मला. आणि मालक म्हणजे दरवेळी बिल्डरच नसतो. मस्जिदीच्या गाळ्यांचे, वक्फच्या दुकानांचे भाडेकरू कोण आहेत? आपलेच व्यापारी. २००६ च्या सच्चर समितीच्या अहवालाने हिशोब मांडला होता की देशभरच्या वक्फ मालमत्तांचं वार्षिक उत्पन्न जेमतेम १६३ कोटी आहे आणि नीट वापर झाला तर ते १२ हजार कोटींपर्यंत जाऊ शकतं. त्या तफावतीत सरकारी अनास्था आहे, अतिक्रमणं आहेत, आणि भाडं थकवून ताबा धरून बसलेले आपले इज्जतदार लोकही आहेत.

माझी तक्रार शिक्षेबद्दल आहे. कलम १५ मध्ये दहा वर्षं मुद्दाम बुडवणारा आणि अकरा महिने वेळेवर भरून बाराव्यात इस्पितळात पडलेला, दोघं एकाच टोपलीत जाऊ शकतात. आदेश १५-अ मध्ये निदान कारण विचारण्याची पायरी आहे, न्यायालयाला तारतम्य वापरता येतं. तीच पायरी कलम १५ मध्येही हवी. पहिली चूक, थोडे दिवस उशीर, सबळ कारण, वर दंड; अशी मर्यादित सवलत विधिमंडळाने लिहून दिली तर मालकाचं काही बिघडत नाही. त्याला व्याज मिळतं, खर्च मिळतो, वर दंडही.

दुसरी मागणी त्याहून साधी आहे आणि तिला कायदा बदलावा लागेल असं मला वाटत नाही. समन्सच्या पाकिटात एक पान असावं, सोप्या मराठीत, आणि जिथे गरज तिथे उर्दूतही: हे समन्स मिळाल्यापासून ९० दिवसांत थकबाकी आणि १५ टक्के व्याज कोर्टात भरा, पुढे दरमहा भरा, नाहीतर घर जाऊ शकतं. वीजबिलावर शेवटची तारीख ठळक छापलेली असते. घर जाण्याची शेवटची तारीख भाडेकरूने तीन कलमं जोडून स्वतः काढायची, हे विचित्र आहे. कोर्टात पैसे भरायला आज वकिलाचा अर्ज, मग चलन, मग रांग. ३५० रुपये भरायला अर्ध्या दिवसाची मजुरी जाते. खटल्याचा क्रमांक टाकून घरबसल्या दरमहा भरता येईल अशी व्यवस्था करणं हे तांत्रिकदृष्ट्या काहीच अवघड नाही. हे मी माझ्या धंद्याच्या जोरावर सांगतो.

तोवर काम आपल्यालाच करायचंय. ज्यांच्या घरावर दावा चालू आहे त्यांनी या आठवड्यात वकिलाला चार गोष्टी विचाराव्यात. समन्स कोणत्या तारखेला बजावलं गेलं, व्याजासकट किती रक्कम भरली, शेवटचं भाडं कोणत्या महिन्याचं भरलंय आणि त्या सगळ्याच्या पावत्या कुठे आहेत. ‘मी बघतो, तुम्ही काळजी करू नका’ हे उत्तर मिळालं तर पावत्यांच्या झेरॉक्स मागाव्यात. दावा लागलेला नसेल तर मालकाच्या खात्यावर दर महिन्याच्या ठराविक तारखेला आपोआप रक्कम जाईल अशी बँकेला सूचना द्यावी, आणि ती चारपैकी एकाच भावाच्या भरवशावर सोडू नये. मालकाने खातं क्रमांक द्यायला नकार दिला, तर तो नकारही लेखी मागवावा.

नव्याने घरं घेणाऱ्या तरुणांपैकी बहुतेक जण लिव्ह अँड लायसन्सवर राहतात. त्यांना यातलं कलम १५ चं संरक्षण मिळत नाही. तिथे कराराची मुदत संपूनही घर सोडलं नाही तर ठरलेल्या फीच्या दुप्पट दराने भरपाई लागू शकते, आणि सक्षम प्राधिकाऱ्याचं समन्स मिळाल्यापासून ३० दिवसांत प्रतिज्ञापत्र देऊन लढण्याची परवानगी मागावी लागते. ९० नाही, ३०.